दुसऱ्या आवाजाची जागा

मिरजेच्या माणसाला गाणं ऐकायला गाव सोडावं लागत नाही, हा आम्हा मिरजकरांचा लाडका गैरसमज आहे. तंबोरे आमच्या गल्लीत तयार होतात, उरुसात मोठमोठे गवई दर्ग्यात हजेरी लावून जातात आणि "आज बुवांचा आवाज लागला नव्हता" असं मत रिक्षावालासुद्धा देतो. त्यामुळे नंदाचा फोन आला आणि "मुलाच्या लग्नाला चार दिवस आधी या, कधी ऐकलं नाही असं गाणं ऐकवते" असं ती म्हणाली, तेव्हा आमच्या वन्सं चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "लग्नात? आणि गाणं?"

वन्सं म्हणजे माझी नणंद सुधाताई. पंचवीस वर्षं गाण्याचे वर्ग चालवतात. दारावरची बेलसुद्धा त्यांनी दुकानदाराला तीन वेळा बदलायला लावली, कारण ती किंचित उतरलेली होती. नंदा म्हणजे नर्सिंगच्या वसतिगृहातली माझी खोलीतली मैत्रीण. रायगडच्या किनाऱ्यावरची आगरी पोर, ट्रंकेत कपड्यांखाली सुकट घेऊन आली होती. पहिल्या आठवड्यात मी त्या वासावरून तिच्याशी भांडले आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्याच ताटात जेवले. तेव्हापासून आमचं आहे ते आहे. मी चौतीस वर्षं वॉर्डात काढून गेल्या वर्षी निवृत्त झाले. ती अजून अलिबागेला नोकरी करते.

तर वन्सं, मी आणि आमचे हे, असे तिघं निघालो.

रेवस

मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडली. "मी कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस आहे," असं आमच्या ह्यांनी लाँचमध्ये पाय ठेवताना जाहीर केलं. त्यानंतर रेवस येईपर्यंत ते कठडा धरून, डोळे मिटून, एक शब्द न बोलता बसले होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकी शांतता मला कधी लाभली नव्हती. वन्सं मात्र खूष होत्या. इंजिनाचा आवाज काळी दोनमध्ये आहे, असं त्यांनी मला सांगितलं.

धक्क्यावर नंदा उभी होती. केस पांढरे झालेत, पण "मंगलेऽऽ" ही हाक तीच. गाडीत बसल्या बसल्या तिने ह्यांच्या हातात लिंबू दिलं, वन्संच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "आलीस ते बरं झालं. मला तुझी नर्स म्हणूनसुद्धा गरज आहे."

रस्ता खाडीच्या कडेने जातो. एका बाजूला कापणी झालेली भातखाचरं, दुसरीकडे खारं पाणी अडवणारा मातीचा बांध. फेब्रुवारीचं ऊन होतं, पण वारा गार. या रस्त्यावर नंदाने सगळं सांगितलं. त्यांच्यात लग्नाचे विधी पूर्वापार बाई चालवते. ती धवलारीण. मांडव उभा राहिल्यापासून प्रत्येक विधीला ती धवले गाते, म्हणजे एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. भटजी मंगलाष्टकं म्हणतात, पण गावाच्या लेखी धवले झाले म्हणजे लग्न झालं.

"आमच्या गावात दोघी आहेत. हिराआत्या आणि यमुनाआत्या. चाळीस वर्षं जोडीने गातात. एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं. माझ्या लग्नात त्यांनीच गायले. पण गेल्या पावसाळ्यात यमुनाआत्याला झटका आला. हातपाय सुधारले, चालते, भाकऱ्या करते. वाचा मात्र गेली."

"अजिबात?"

"एक शब्द उरलाय. सोमवार. पाणी हवं तरी सोमवार, राग आला तरी सोमवार. सगळं समजतं तिला, पण तोंडातून तेवढंच येतं. हिराआत्या म्हणते, एकटीने देव बोलवता येत नाहीत. दुसरा आवाज नसेल तर मी मांडवात बसायची नाही. आणि दीर म्हणतात, मग राहू दे की, डीजे आहे, भटजी आहेत. असं झालं तर आमच्या घरातलं हे धवल्यांवाचूनचं पहिलं लग्न. आणि एकदा आमच्याकडे बंद पडलं की गावात बंद पडलंच म्हणून समज."

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. पण चौतीस वर्षांची नोकरी अंगातून इतक्या लवकर जात नाही. मी म्हणाले, "अगं, बोलता न येणारी माणसं गाऊ शकतात! माझ्या वॉर्डात मी स्वतः पाहिलंय. एका मास्तरांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, पण प्रार्थना अथपासून इतिपर्यंत म्हणायचे."

"मलाही ठाऊक आहे," नंदा म्हणाली. "पण मी घरची. माझं कोण ऐकतंय? आठ महिने तिने गायला तोंड उघडून बघितलेलं नाही. तू बाहेरची, मोठ्या दवाखान्यातली. तुझं ऐकतील."

मी ताठ बसले. नंतर जे झालं त्यात या ताठ बसण्याचा मोठा वाटा आहे.

नंदाचं गाव

गावाचं नाव लिहायचं नाही, असं नंदाने बजावलंय. उगाच लोक फोन घेऊन शूटिंगला यायचे.

दुपारी जेवायला जिताड्याचं कालवण, तांदळाची पातळ पांढरी भाकरी आणि पांढरा कांदा. जिताडा हा मासा इथे जावयाला आणि साहेबाला देतात म्हणे. ह्यांची तब्येत पहिल्या घासाला सुधारली. मिरजेत आम्ही भाकरी थापतो, इथे उकड काढून पाण्याच्या हाताने करतात. मला ती जमत नाही हे पाहून तीन बायकांनी मला चुलीपासून प्रेमाने बाजूला केलं.

जेवणं झाल्यावर अंगणात बायका लग्नाचे तांदूळ निवडायला बसल्या. तिथे दोघी भेटल्या. हिराआत्या काटक, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलणं खणखणीत. यमुनाआत्या गोरी, मऊ, उजवा हात जरा जपून वापरणारी. हिराआत्या बोलायची आणि यमुनाआत्या मान डोलवायची. मी वाचेबद्दल सगळं समजावून सांगितलं, अगदी सोप्या शब्दांत. बोलण्याची जागा मेंदूत एकीकडे असते, गाण्याची बरीचशी दुसरीकडे, वगैरे. मग म्हणाले, "आत्या, तुम्ही दोघी एक धवला म्हणून बघा ना. आत्ताच."

हिराआत्याने हातातलं सूप खाली ठेवलं. "आता? आज कुनाचं लगीन हाय?"

"नाही, नुसतं बघायला."

"बाय, नुसतं कसं बघाचं? धवला म्हनला का देव निंगतात घरशी. इथं आले नं मांडव न्हाय, हलद न्हाय, तं त्याना काय सांगाचं? बाय मिरजेशी आलीय, तिना बघाचं व्हतं?"

बायका हसल्या. मीही हसले. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मला माझं म्हणणं सिद्ध करून दाखवायचं होतं. मी म्हणाले, "बरं, धवला नको. आरती म्हणा. गणपतीची आरती तर सगळ्यांना येते." आणि मी स्वतःच टाळ्या वाजवत सुरुवात केली. वन्संनी सवयीने सूर दिला. सगळ्या बायकांनी हात थांबवून यमुनाआत्याकडे बघितलं.

तिने तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "सोमवार," ती म्हणाली. पुन्हा जोर लावला. "सोमवार, सोम…" ओट्यावरची दोन चिमुरडी खुदकन हसली आणि त्यातल्या एकीने आरतीच्या चालीवर 'सोमवार सोमवार' म्हणून टाळ्या वाजवल्या. तिला आईने लगेच धपाटा घातला, पण व्हायचं ते झालं होतं. यमुनाआत्या उठली. निवडलेल्या तांदळांचं ताट तिच्या पायाला लागून कलंडलं. ती मागे न बघता शेजारच्या, बांधाकडच्या आपल्या घरात गेली आणि दाराला कडी घातल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

हिराआत्या मला ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तांदूळ गोळा करता करता म्हणाली, "आरती आमच्यात गडी मानसा म्हनतात. ती जलमात कवा आरती बोलली न्हाय. तू तिना तिचं नसलेलं गानं मागितलंस, नं ता पन धा मान्सांत."

बरोबर होतं तिचं. माझ्या वॉर्डातले मास्तर प्रार्थना म्हणत, कारण ती त्यांनी रोज सकाळी वर्गात म्हटलेली होती. जे जिभेत मुरलंय तेच येतं, एवढी साधी गोष्ट मी नव्या नर्सेसना शिकवायचे. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी दिरांनी नंदाला सांगून टाकलं, की आता धवल्यांचा विषय नको, म्हातारीला अजून त्रास नको. नंदा माझ्या चहात साखर घालायला विसरली. आमच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीत हा सगळ्यात कडक शब्द होता.

बांधाकडचं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच यमुनाआत्याकडे गेले. ती ओट्यावर बसून जवळा निवडत होती. जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी वाळवलेली कोलंबी. त्यातला कचरा आणि बारीक खडे काढावे लागतात. मी माफीचं भाषण जुळवून आणलं होतं. ती वर बघेना. मग मी भाषण गिळलं आणि समोर बसून निवडू लागले.

थोड्या वेळाने माझ्या हातावर चापट बसली. मी चांगला जवळा कचऱ्यात टाकत होते. तिने तो उचलून माझ्या नाकासमोर धरला, "सोमवार!" म्हणाली आणि सुपात टाकला. याचा अर्थ समजायला शब्दकोश लागत नाही. तासभर आम्ही तशाच बसलो. मला आणखी दोन चापट्या मिळाल्या. निघताना तिने मूठभर जवळा कागदात बांधून माझ्या हातात दिला. पण हळदीला येणार का असं खुणेने विचारलं, तेव्हा तिने मान फिरवली.

इकडे वन्संनी वेगळीच मोहीम उघडली होती. "दुसरा आवाज मी देते," त्यांनी हिराआत्याला सांगितलं होतं. हिराआत्या काय म्हणणार? दोघी मागच्या पडवीत वही घेऊन बसलेल्या. पण धवला म्हणायचा नाही म्हटल्यावर हिराआत्या शब्द नुसते बोलून सांगायची, चाल नाहीच. वन्सं विचारायच्या, "इथे वर जायचं का खाली?" आणि हिराआत्या म्हणायची, "त्या दिवशी कलंल." पंचवीस वर्षं वर्ग घेतलेल्या बाईला कुणी असं शिकवलं नव्हतं. ह्यांनी तेवढ्यात गावातल्या तीन घरी चहा पिऊन दोन ओळखी काढल्या.

हळदीचा दिवस

आंब्याचे टहाळे बांधून मांडव सजला होता. एका कोपऱ्यात डीजेवाल्यांनी कपाटांएवढे खोके रचले होते. संध्याकाळचा खरा कार्यक्रम त्यांचा. सकाळी मात्र पाच हळकुंडं जात्यावर भरडायची असतात. हळद आता पाकिटातूनच येते, पण ही पाच हळकुंडं घरच्या जात्यावर भरडतात आणि त्या वेळी पहिला धवला होतो.

नवरदेव पाटावर. नंदा जात्याच्या खुंट्याला हात लावून. हिराआत्या नवं हिरवं लुगडं नेसून मध्ये बसली. तिच्या शेजारी वन्सं, वहीसकट. मांडवात सगळं गाव होतं. यमुनाआत्या नव्हती.

हिराआत्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. तो आवाज मी कसा सांगू? गोड नव्हता. भरतीच्या वेळी बांधावरून पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा लांब जाणारा आणि सरळ.

*हलद लागली गो, कोनाच्या बालाला?*

आता दुसरीने उत्तर द्यायचं, कुणाच्या बाळाला ते नाव घेऊन. वन्संनी दिलं. अचूक सुरात, शेवटी एक नाजूक मुरकी घेऊन. इतकं छान झालं की ह्यांनी सवयीने "वा" म्हटलं. हिराआत्या थांबली. वन्संच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाय, गला सोन्याचा हाय तुझा. पन तू गातस, आमी बोलावतू. इतकं गोड बोलावलं तं देव दारानच उबे ऱ्हातील आयकत. आत कोन येल?"

मला वाटलं, आता वन्सं रुसणार. पण त्यांनी वही मिटली आणि मनापासून हसल्या. "खरं आहे, आत्या. माझं काम नाही हे," म्हणाल्या आणि माझ्याजवळ येऊन बसल्या. गाण्यातली चूक त्यांनी आजवर दुसऱ्यांची काढली होती. त्या दिवशी स्वतःची ऐकून घेतली, आणि मला त्या फार आवडल्या.

दीर पुढे झाले. "आत्या, ऱ्हाऊ दे आता. भटजी खोलंबलेत. गानी लावतू."

हिराआत्याने त्यांच्याकडे न बघता हात वर केला. तोंड शेजारच्या घराकडे फिरवलं आणि पुन्हा तीच ओळ म्हटली. मग थांबली. नुसती गप्प बसली नाही. तिची मान हलत होती. दुसऱ्या आवाजाला लागेल तेवढा वेळ ती मोजून रिकामा सोडत होती. तो संपल्यावर तिने पुन्हा विचारलं. *कोनाच्या बालाला?* पुन्हा तेवढीच रिकामी जागा. जात्याची घरघर तेवढी चालू. नंदाच्या डोळ्यांतून पाणी हळदीत पडत होतं. मी मान खाली घातली. माझ्यामुळेच शेजारचं दार बंद होतं.

चौथ्यांदा हिराआत्याने विचारलं, आणि उत्तर माझ्या मागून आलं.

*हलद लागली गो…*

यमुनाआत्या मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. रोजच्याच लुगड्यात, हाताला जवळ्याचा वास. आवाज हिराआत्यासारखाच सरळ, पण थोडा खालचा. आठ महिन्यांत ज्या तोंडातून एकच शब्द आला होता, त्यातून सबंध ओळ निघाली, स्वच्छ. आणि नावाशी आल्यावर ओळ तुटली.

मला लगेच समजलं का ते. धवल्याची ओळ चाळीस वर्षांची, ती जिभेवर होती. पण नाव दर लग्नाला नवं. ते शोधून आणावं लागतं, आणि नेमकं तेच तिला जमत नव्हतं. तिचे ओठ हलले. मला भीती वाटली, की आता तो एकच शब्द येणार. वन्सं नाव सांगायला पुढे झुकल्या. मी त्यांचा हात घट्ट धरला. या वेळी मी काहीही करणार नव्हते.

हिराआत्याने वाट बघितली नाही आणि घाईही केली नाही. ओळ जिथे तुटली तिथून तिने उचलली, *नंदाच्या बालाला*, आणि त्याच श्वासात पुढचा प्रश्न विचारला. यमुनाआत्या चालत येऊन तिच्या शेजारी बसली. मग गणपतीपासून गावदेवीपर्यंत एकेक देव, नवऱ्या मुलाचे आजा-आजी, काका, मामा, सगळे झाले. दर वेळी यमुनाआत्या नावापर्यंत यायची आणि हिराआत्या नाव घालायची. पाचव्या-सहाव्या खेपेला तर नावाच्या जागी यमुनाआत्या थांबतही नव्हती. हिराआत्याच्या खांद्यावर हात ठेवायची, की नाव यायचं. दीर कधी खाली बसले आणि डोळे पुसू लागले, ते मी पाहिलं नाही, ह्यांनी पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ जुगलबंद्या ऐकल्या. त्यात दोघंही एकमेकांना हरवायला बसलेले असतात.

धवला संपला, हळद लागली. बायकांनी यमुनाआत्याला गराडा घातला. "आत्या, बोल ना गो काय तरी!" एकीने म्हटलं. ती नंदाकडे बघून बोलायला गेली, खूप काहीतरी सांगायचं होतं तिला, आणि आलं ते "सोमवार." मी वॉर्डात हे पाहिलं होतं. गाणं थांबलं की वाचा पुन्हा जाते. बरी झाली असं नव्हतं, होणारही नव्हती.

मी गर्दीतून पुढे गेले. दोन दिवस घशात अडकलेलं म्हणाले, "आत्या, चुकलं माझं. परवा मी तसं करायला नको होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. वाटीतली हळद दोन्ही हातांत घेतली आणि माझ्या दोन्ही गालांवर चांगली कचकचून चोळली, डोळ्यांत गेली इतकी. "सोमवार," ती मला म्हणाली, आणि हसली. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. नंतर वन्सं हळदीने डोळे चुरचुरले असतील असं लोकांना सांगत होत्या, पण तसं काही नव्हतं. यमुनाआत्या लुगड्याला हात पुसत वडे तळायला आत गेली, आणि हिराआत्या तिच्या मागोमाग.